गालिच्याची निगा

(आपल्या घरात दरी, सतरंजी, गालिचा, गादी, लोड असे कितीतरी सामान असते. आपण त्यावर रोज बसतो, पण त्याची काळजी कशी घ्यावी याचा विचार फारसा करत नाही. या पाठात गालिचा कसा तयार होतो आणि त्याची निगा कशी राखावी याची माहिती दिली आहे.)

मुलांनो, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह नावाचे मोठे धरण आहे. ते १९७० साली बांधून पूर्ण झाले. धरणाच्या भोवती जंगल आहे आणि कालव्यांच्या काठाने धानाची शेते आहेत. धरणापासून जवळच प्रतापगड आहे. तेथे महादेवाचे देवस्थान आहे आणि दर्गाही आहे.

याच परिसरात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची एक वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. १९५९ साली दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी लोक आपले घरदार सोडून आले. भारत सरकारने त्यांना निरनिराळ्या राज्यांत जमिनी दिल्या. नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ साली वसली. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

बर्फाच्या देशातून आलेली ही माणसे विदर्भाच्या उन्हात शेती करू लागली. हिवाळ्यात ती शहरोशहरी जाऊन लोकरीचे स्वेटर विकू लागली. येताना त्यांनी फारसे सामान आणले नव्हते, पण हातातली कला त्यांच्याबरोबर आली होती. ती कला म्हणजे गालिचे विणणे. वसाहतीत गालिचे विणण्याचे केंद्र सुरू झाले आणि इटियाडोहच्या काठी माग वाजू लागले.

तिबेटी गालिचा कसा विणतात, ते पाहा. माग उभा असतो. त्यावर सुती धागे वरून खाली ताणून बांधतात. याला ताणा म्हणतात. आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. उर्दूत आपण ‘ताना-बाना’ म्हणतोच. विणणारी बाई मागासमोर बसते. ताण्यावर ती एक लांब सळई आडवी धरते. रंगीत लोकर ताण्याच्या धाग्यांतून घेऊन ती सळईवर गुंडाळत जाते. एक ओळ पूर्ण झाली, की ती ठोकून घट्ट बसवते. मग सळईवरची लोकर सुरीने कापते. कापलेली टोके उभी राहतात. हीच गालिच्याची मऊ लव होय. अशा ओळीमागून ओळी विणल्यावर त्यातून कमळ किंवा पंख पसरलेला पक्षी दिसू लागतो.

आता थोडे गणित करू. तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असा एक गालिचा घ्या. त्याचे क्षेत्रफळ २५९२ चौरस इंच होते. एका चौरस इंचात ६० गाठी असल्या, तर साऱ्या गालिच्यात १,५५,५२० गाठी होतात. म्हणजे दीड लाखाहून अधिक वेळा कोणाचे तरी हात हलतात, तेव्हा एक गालिचा तयार होतो. हे श्रम एका तासाच्या निष्काळजीपणाने वाया जाऊ शकतात. कसे, ते ऐका.

ईदचा दिवस होता. एका घरात पाहुण्यांसाठी लाल-पांढरा लोकरी गालिचा अंथरला होता. एका लहान मुलाच्या हातून शीरखुर्म्याची वाटी सांडली. मोठी बहीण घाबरली. तिने लगेच कढत पाणी आणले, त्यात कपडे धुण्याचा सोडा टाकला आणि ब्रशने जोरजोराने घासले. दूध निघाले, पण लाल रंग सुटून पांढऱ्या फुलांत उतरला. तेवढ्या भागाची लव एकमेकींत गुंतून कडक झाली. दादींनी त्यावर हात फिरवला. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बेटी, दुधाचा डाग निघाला असता. हा डाग आपल्या घाईचा आहे. तो आता निघणार नाही.”

त्या मुलीचे काय चुकले? लोकर म्हणजे मेंढीचे केस. केसांना सोडा सोसत नाही. कढत पाणी आणि घासणे यांमुळे लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात व आक्रसतात. शिवाय ओली लोकर कोरड्या लोकरीपेक्षा कमकुवत असते. सुताचे तसे नाही. सूत ओले झाले, की अधिक मजबूत होते. म्हणून पक्क्या रंगाची सुती दरी आपण साबणाने धुऊ शकतो, पण लोकरी गालिचा तसा धुऊ शकत नाही.

मग काय करायला हवे होते? प्रथम सांडलेला पदार्थ चमच्याने हलकेच उचलावा. नंतर पांढरा, स्वच्छ, सुती फडका डागावर दाबून धरावा. फडका ओला झाला, की कोरडी बाजू घ्यावी. डाग कडेकडून मध्याकडे टिपावा, म्हणजे तो पसरत नाही. घासू नये. यानंतर थंड पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुन्हा टिपावे.

डाग राहिलाच, तर रिठ्याचे पाणी वापरावे. आठ-दहा रिठे रात्री भिजत घालावेत. सकाळी बिया काढून ते कुस्करावेत व पाणी गाळून घ्यावे. लोकर व रेशीम धुण्यासाठी रिठा पूर्वीपासून वापरतात. मात्र आधी परीक्षा घ्यावी. रिठ्याच्या पाण्यात भिजवलेला पांढरा फडका गालिच्याच्या एका कोपऱ्यावर थोडा वेळ दाबून ठेवावा. फडक्याला गालिच्याचा रंग लागला किंवा पांढऱ्या लोकरीवर पिवळट छटा आली, तर ते पाणी वापरू नये. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने रिठा पुसून काढावा आणि ती जागा वाऱ्यावर सुकवावी.

प्रत्येक डागाचा उपाय एकच नसतो. चिखल लागला, तर तो ओला असताना हात लावू नका. वाळू द्या, मग ब्रशने झाडा. तेल किंवा तूप सांडले, तर आधी टिपा आणि मग त्यावर मक्याचे पीठ भुरभुरा. पीठ तेल शोषून घेते. काही तासांनी ते झाडून टाका.

गालिच्याचा खरा शत्रू मात्र डाग नव्हे, धूळ आहे. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते लवेच्या मुळाशी जाऊन बसतात. आपण वर चाललो, की हे टोकदार कण लोकर कापत राहतात. घरात कोणाला दम्याचा त्रास असेल, तर ही धूळ त्यालाही बाधते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गालिचा लवेच्या दिशेने झाडावा. घरात धूळ ओढणारे यंत्र असेल, तर ते हलक्या हाताने फिरवावे. झालरीवर ते फिरवू नये. लहान गालिचा बाहेर नेऊन उलटा टाकावा आणि मागच्या बाजूने हलके ठोकावा. झाडताना नाकाला रुमाल बांधायला विसरू नका.

दुसरा शत्रू कसर. कसरीचे पतंग लोकर खात नाहीत. त्यांनी घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या लोकर खातात. त्यांना अंधार आणि शांतता आवडते. कपाटाखाली, पलंगाखाली दबलेला गालिचा त्यांना फार सोयीचा असतो. म्हणून जड सामान वरचेवर सरकवा व गालिच्याची दोन्ही अंगे झाडा. सहा महिन्यांनी गालिचा फिरवून अंथरा, म्हणजे तो सगळीकडे सारखा झिजेल.

तिसरा शत्रू ओल. पूर्व विदर्भात पावसाळ्यात हवा दमट असते. भिंतींना ओल येते आणि जाजमांना बुरशीचा वास येतो. पावसाळ्यापूर्वी कडक ऊन असते, तेव्हा गालिचा झाडून उलट्या बाजूने थोडा वेळ उन्हात ठेवा. फार वेळ ठेवू नका, रंग उडतो. ठेवायचा असेल, तर घडी घालू नका. घडीवर तो मोडतो. त्याची गुंडाळी करा, जुन्या सुती चादरीत बांधा व जमिनीपासून उंच ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, कारण आत ओल कोंडते.

गाद्या, लोड, तक्क्ये आणि खुर्च्यांच्या गाद्यांनाही हेच नियम लागू आहेत. त्यांवर फार पाणी ओतू नका. आतील कापूस किंवा काथ्या लवकर वाळत नाही. फटींतील धूळ ब्रशने काढा, गाद्या उलटसुलट करा. कापसाच्या गादीला ऊन द्या. कापूस दबून गोळे झाले, की पिंजाऱ्याकडून तो पुन्हा पिंजून घ्या. गादी नव्यासारखी होते.

आपल्या शाळेत जाजम असते, मशिदीत चटया असतात, घरी आजीची जानमाज असते. या सगळ्या वस्तू कोणाच्या तरी हातांनी घडल्या आहेत. आपले घर सोडून आलेल्या माणसांनी परक्या मातीत बसून एकेक गाठ मारली, तेव्हा इटियाडोहचा गालिचा तयार झाला. आपण तर फक्त तो झाडायचा आहे. तेवढे आपण करायलाच हवे, नाही का?

शब्दार्थ

निगा – काळजी, देखभाल
वसाहत – वस्ती
माग – विणण्याचे साधन
लव – मऊ, बारीक केस
आक्रसणे – आखूड होणे
कसर – कपडे, लोकर खाणारा किडा
झालर – कडेला लोंबणारे धागे
ओल – ओलसरपणा
जाजम – अंथरण्याचे मोठे जाड कापड

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) इटियाडोह धरण कोणत्या नदीवर आहे?
(२) नोर्ग्येलिंग ही वसाहत कोणत्या साली वसली?
(३) उभ्या धाग्यांना काय म्हणतात?
(४) चिखलाचा डाग केव्हा झाडावा?

प्र. २. कारणे लिहा.
(१) लोकरी गालिचा कढत पाण्याने घासू नये.
(२) गालिचा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये.

प्र. ३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) धुळीमुळे गालिच्याचे नुकसान कसे होते?
(२) ‘हा डाग आपल्या घाईचा आहे’ असे दादी का म्हणाल्या?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
ओला × ..........  शत्रू × ..........  मऊ × ..........

प्र. ५. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : वर्गातील जाजम किंवा घरातील दरी मोठ्यांच्या मदतीने झाडा. तुम्ही काय काय केले, ते पाच वाक्यांत वहीत लिहा.