पुस्तकाला एजंट मिळेल का?



गाडीच्या लायसनला एजंट असतो, विम्याला असतो, ॲडमिशनलासुद्धा असतो. मग आपण लिहिलेल्या पुस्तकाला एजंट का नसावा? हा प्रश्न आमच्या होस्टेलमधल्या एका मित्राचा. तो माझ्याच भोकर तालुक्यातला. सबमिशन आणि व्हायवा सांभाळून त्याने दोन वर्षांत एक कादंबरी लिहून काढली. लेखकाने आधी 'लिटररी एजंट' गाठावा, असं त्याने कुठंतरी वाचलं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून शोध सुरू केला. त्यात जे हाती लागलं ते इथे मांडतो. आपल्या होस्टेलमध्ये लिहिणारे बरेच आहेत, फक्त सांगत नाहीत. त्यांच्या कामी यावं म्हणून हा लेख.

एजंट म्हणजे नेमका कोण?

लंडनमध्ये १८७५ च्या सुमारास ए. पी. वॉट या गृहस्थाने हा धंदा सुरू केला. लेखकाचं हस्तलिखित योग्य प्रकाशकाकडे न्यायचं, पैशांची बोलणी करायची, करार तपासायचा आणि मिळकतीतले दहा टक्के घ्यायचे. आज हा दर साधारण १५ टक्के आहे, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांना २० टक्क्यांपर्यंत. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, लेखकाला पैसे मिळाले तरच एजंटला मिळतात. आधी काही द्यायचं नसतं. भारतातही बंगळुरूची जॅकरांडा, जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड अशा एजन्सी निघाल्या, पण त्यांचं काम मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचं.

मराठीत एजंट का नाही?

आपण इंजिनिअर होणार, तेव्हा हिशेबच करून बघू. समजा, कादंबरीच्या ५०० प्रती काढल्या. किंमत २०० रुपये, रॉयल्टी १० टक्के. सगळ्या प्रती विकल्या तर लेखकाला १०,००० रुपये. त्यातले १५ टक्के म्हणजे १,५०० रुपये. एवढ्यासाठी एजंटने वर्ष-दोन वर्षं खेटे घालायचे, तर त्याच्या चहा-पाण्याचाही खर्च निघणार नाही. म्हणून मराठीत हा धंदा रुजला नाही. लेखक आणि प्रकाशक यांची थेट गाठ, हीच आपली रीत.

आणि त्या रीतीने काही अडलेलं नाही. नरहर कुरुंदकर गुरुजी नांदेडला राहून शिकवत आणि लिहीत. त्यांची 'जागर', 'धार आणि काठ' ही पुस्तकं पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. याच प्रकाशनाने १९६३ मध्ये पंचविशीतल्या भालचंद्र नेमाडे यांची पहिलीच कादंबरी 'कोसला' छापली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली' या वाचक चळवळीने आणलं. मध्ये दलाल नव्हता. प्रकाशकाची नजर होती आणि लेखकाचा मजकूर होता.

मग एजंटची कामं कोण करणार? आपणच.

१) योग्य दार निवडा. लायब्ररीत जा आणि आपल्यासारखी पुस्तकं कोणी काढली ते पहिल्या पानांवर बघा. स्पर्धा परीक्षेची गाइडं छापणाऱ्याकडे कवितासंग्रह पाठवून उपयोग नाही. पुण्या-मुंबईकडेच बघायला हवं असंही नाही. नांदेडच्या संगत, निर्मल, इसाप या प्रकाशनांनी आणि संभाजीनगरच्या साकेतने आपल्या भागातल्या लेखकांची पुस्तकं काढली आहेत. भोकरहून नांदेड पन्नासेक किलोमीटर. प्रत्यक्ष जाऊन भेटता येतं.

२) आधी अंकात छापून या. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. आजही नव्या लेखकासाठी हेच मोठं दार आहे. कथा किंवा कादंबरीतलं एखादं प्रकरण जून-जुलैपर्यंत संपादकाकडे पोचवा. मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान'ही ध्यानात ठेवा. छापून आलेली एक चांगली कथा दहा ओळखींपेक्षा जास्त काम करते.

३) हस्तलिखित नीट द्या. युनिकोडमध्ये टाइप केलेलं, पानांना क्रमांक घातलेलं. सोबत एक पानी पत्र: पुस्तक कशाबद्दल आहे, आपण कोण, आधी कुठे छापून आलं. मूळ प्रत कधीच देऊ नका. उत्तराला काही महिने लागतात. दर आठवड्याला फोन करू नका.

४) सरकारी मदत बघा. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही, त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला ती मदत करते. हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासलं जातं. अर्जाची जाहिरात निघते तेव्हा त्या वर्षीचे नियम वाचून अर्ज करा.

पैसे मागणारा एजंट नव्हे

आता मुख्य मुद्दा. आमच्या मित्राला एका कंपनीचा फोन आला. 'अभिनंदन, तुमच्या कादंबरीची निवड झाली. पॅकेज फक्त ४५,००० रुपये.' कादंबरी त्यांनी वाचलीच नव्हती, फक्त नाव ऐकलं होतं. मित्राचे वडील म्हणाले, "सोयाबीनचे पैसे आल्यावर देऊन टाकू, पोराचं नाव होईल." म्हणलं, काका, आधी करार तर वाचू. रात्री मेसनंतर आम्ही तो वाचला. लेखकाला ५० प्रती, बाकीच्या किती छापणार त्याचा उल्लेख नाही, आणि सगळे हक्क कायमचे कंपनीकडे! पैसे दिले नाहीत. घरच्या शेतातलं वर्षाचं उत्पन्न वाचलं.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं यात कमीपणा नाही. पण मग ते छपाईचं काम आहे हे ओळखा. दोन-तीन प्रेसचे दर घ्या आणि हक्क स्वतःकडे ठेवा. आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून लेखकालाही विनाशुल्क मिळतो. त्याचे वेगळे पैसे कोणी लावले तर विचारा.

कराराबाबत कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ प्रत्येकाने वाचावं. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच हवं. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती रॉयल्टी, हे त्यात असायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते परत लेखकाकडे येतात. लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. एवढी मोठी मुदत असलेली वस्तू घाईत सही करून देऊ नये.

एजंट लागतो कधी?

पुस्तक दुसऱ्या भाषेत जाताना. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' मराठीत २००६ मध्ये आली, जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' आधी हिंदीत गाजली, मग तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. परदेशी प्रकाशक, अनुवादाचे हक्क, चित्रपटाचे हक्क हे सगळं आलं की जाणकार मध्यस्थ कामाचा. म्हणून मराठी प्रकाशकाशी करार करताना अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क वेगळे लिहून घ्या. पुढे उपयोगी पडतील.

आमच्या मित्राने कादंबरीतलं एक प्रकरण कथेसारखं बांधून दिवाळी अंकाकडे पाठवलंय, आणि पूर्ण हस्तलिखित नांदेडच्या एका प्रकाशकाकडे. उत्तर अजून यायचंय. दरम्यान तो पहिल्या तीन प्रकरणांचं पुनर्लेखन करतोय. एजंट असता तर त्यानेही हेच करायला सांगितलं असतं!

कोणाच्या ट्रंकेत वही असेल तर बाहेर काढा. वाचायला आम्ही आहोत.

— एक भोकरकर, तृतीय वर्ष (यंत्र)