मुरांब्याची बरणी

वैशाखात कोकणातील आंब्याची झाडे फळांनी लगडलेली असतात. अशा दिवसांत एखाद्या संध्याकाळी आभाळ भरून येते, सोसाट्याचा वारा सुटतो आणि वळवाची सर कोसळते. सकाळी पाहावे, तो झाडांखाली कैऱ्यांचा सडा पडलेला! या कैऱ्या कोवळ्या असल्यामुळे अढीत घातल्या तरी नीट पिकत नाहीत; चार दिवसांत त्या सुरकुततात आणि कुजू लागतात. एका रात्रीत एवढे नुकसान झाले, तरी घरातील वडीलधारी माणसे हातपाय गाळून बसत नाहीत. सुटीसाठी जमलेली मुले टोपल्या घेऊन झाडांखाली धावतात आणि घरात मुरांब्याची तयारी सुरू होते.

प्रथम कैऱ्या निवडतात. दगडावर आपटून फुटलेल्या किंवा किडक्या कैऱ्या बाजूला काढतात. कारण एका नासक्या फळाने सगळी मेहनत वाया जाते. चांगल्या कैऱ्या धुऊन, पुसून, सोलून त्यांचा कीस करतात. एक किलो किसाला सव्वा ते दीड किलो साखर घेतात. कैरी आंबट असल्यामुळे पितळेचे उघडे भांडे चालत नाही. त्यात ती कळकते. म्हणून पातेले कल्हईचे किंवा स्टीलचे असावे लागते. किसाला वाफ आणून त्यात साखर घालतात आणि मंद आचेवर ढवळत राहतात. पाकाचा थेंब दोन बोटांमध्ये धरून बोटे अलग केली की बारीक तार दिसली पाहिजे. पाक कच्चा राहिला, तर मुरांबा आंबतो. पाक फार पुढे गेला, तर त्याची साखर होते. या वेळी घाई करून भागत नाही. शेवटी वेलदोड्याची पूड घालतात आणि पूर्ण निवलेला मुरांबा कोरड्या बरणीत भरून तोंडाला फडके बांधतात.

चार दिवसांत कुजणारी कैरी आता वर्षभर कशी टिकते? हवेत, पाण्यात आणि आपल्या हातांवरही डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. तेच पदार्थ नासवतात. शिजवताना त्यांतील बहुतेक मरतात. परंतु मागाहून येणाऱ्यांना अडवते ती साखर. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, तर थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. साखरही अशीच पाणी ओढून घेते. मुरांब्याच्या 100 भागांत सुमारे 65 भाग साखर असली, म्हणजे सूक्ष्म जीवांना वाढण्यापुरते पाणीच मिळत नाही. कैरीचा आंबटपणाही या कामी साखरेला मदत करतो.

अन्न टिकवण्याची ही धडपड सगळीकडेच चालत आली आहे. फ्रान्समध्ये निकोला अपेर याने फळे आणि भाज्या काचेच्या बाटल्यांत घालून, बुचे घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली आणि 1810 साली तिच्यावर पुस्तक लिहिले. असे केलेले अन्न का टिकते, हे मात्र त्यालाही उमगले नव्हते. सुमारे 50 वर्षांनी लुई पाश्चर याने प्रयोग करून दाखवले, की अन्न आपोआप नासत नाही. बाहेरून शिरणारे सूक्ष्म जीव ते नासवतात. आपल्याकडील आज्यांनाही हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण बरणी कोरडी हवी, हात स्वच्छ हवा आणि पाक पक्का हवा, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या.

मुरांबा बरणीत भरला, म्हणजे काम संपले असे नाही. पावसाळ्यात भाजीची चणचण पडली, की पोळीबरोबर किंवा भाकरीबरोबर तो वाढला जातो. एखादे मूल घाईघाईत ओला चमचा बरणीत घालते. त्या थोड्याशा पाण्याने वरचा पाक पातळ होतो आणि काही दिवसांत तेथे बुरशी दिसू लागते. मग वरचा थर काढूनही भागत नाही. सगळी बरणीच टाकून द्यावी लागते. कैऱ्या वेचणारे, किसणारे, चुलीपाशी तासन् तास ढवळणारे अशा कितीतरी हातांचे कष्ट त्या बरणीत साठवलेले असतात. वर्षभर ते जपणे प्रत्येकाच्या हाती असते. त्यासाठी लागतो तो केवळ एक कोरडा चमचा आणि तो पुसून घेण्यापुरता धीर.