वादळातली उशी

आठवड्याचा बोधपाठ
वाचन: मार्क 4:35-41



गेल्या पावसाळ्यात घरभेटी करीत असताना आम्ही आपल्या धर्मग्रामातील एका घरी गेलो. घरात एकटे गृहस्थ. त्यांची पत्नी एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने गेली. पूर्वी दोघे मिळून रविवारी सकाळच्या मिस्साला येत असत. त्यानंतर त्यांचे येणे थांबले ते थांबलेच. चहा झाला, प्रार्थना झाली, आणि आम्ही उठणार एवढ्यात त्यांनी विचारले, "का जी फादर, तेव्हा देव झोपला होता का?"

आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. शिवाय त्या प्रश्नात दुसराही एक प्रश्न दडलेला होता. त्यांनी तो मोठ्या मनाने विचारला नाही, पण आम्हांला तो ऐकू आला: "फादर, तेव्हा तुम्ही कुठे होता?" दफनाच्या वेळी मोजकीच माणसे होती. आम्ही फाटकाबाहेरून, हातावर मोजता येतील एवढ्या मिनिटांत प्रार्थना उरकली होती. आज त्यांच्या संमतीने, नाव न देता, हा प्रश्न आपणां सर्वांसमोर ठेवीत आहोत, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही.

ते दिवस आठवा. 22 मार्च 2020 हा रविवार होता, आणि त्या दिवशी जनता कर्फ्यू होता. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. त्या वर्षीचा पवित्र आठवडा आणि 12 एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण घरात बसून साजरा केला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली, आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी परत उघडली. दरम्यान नागपूर जिल्ह्यात नोंदले गेलेले मृत्यू 10 हजारांच्या वर गेले. दारे उघडली, पण काही बाके रिकामीच राहिली. काही जण देवाघरी गेले म्हणून. काही जण मात्र आपल्याच गावात आहेत, पण थकलेले आहेत, रुसलेले आहेत, म्हणून.

27 मार्च 2020 च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोममध्ये संत पेत्राच्या रिकाम्या चौकात, पावसात उभे राहिले होते. 21 एप्रिल 2025 रोजी ते देवाघरी गेले, पण ते दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर अजून आहे. त्या संध्याकाळी मार्कच्या शुभवर्तमानातील हाच उतारा वाचला गेला. त्यात त्या गृहस्थांचा प्रश्न जसाच्या तसा आहे. चला, आपण तो सावकाश वाचू या.

1. विश्वास: ओरडणे हीसुद्धा प्रार्थना

गालीलचे सरोवर सुमारे 21 किलोमीटर लांब आणि समुद्रसपाटीपेक्षा 200 मीटरहून अधिक खोल आहे. भोवती डोंगर आहेत. वरून थंड वारा उतरला की शांत पाणी पाहता पाहता खवळते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शिष्यांपैकी चौघे तर याच पाण्यावर वाढलेले कोळी. ते घाबरले म्हणजे वादळ खरेच मोठे होते.

त्यांनी येशूला जागे केले, आणि तेही गोड शब्दांत नव्हे. आम्ही बुडत आहोत याची तुला काहीच पर्वा नाही का, असे त्यांनी विचारले. ही तक्रार आहे. पण ती कोणाकडे केली, ते पाहा. ते आपापसात कुरकुरत बसले नाहीत. थेट त्याच्याकडे गेले. ज्याच्यावर विश्वास उरलेलाच नाही, त्याला कोणी हलवून उठवीत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. मार्क सांगतो त्या क्रमाने येशू प्रथम वाऱ्याला धमकावतो, पाणी शांत होते, आणि मग तो शिष्यांना विचारतो की तुम्हांला अजून विश्वास नाही का. आधी मदत, मग प्रश्न. विश्वासाची परीक्षा घेऊन, गुण मोजून, त्यानंतर मदत करावी असे त्याने केले नाही.

"पण फादर, आमचे वादळ शांत झाले नाही," असे कोणी म्हणेल. खरे आहे. ती माउली गेली, आणि तिच्यासाठी घराघरांत जपमाळेची प्रार्थना झाली होती. असे का झाले, हे आम्ही सांगू शकत नाही. जो सहज सांगतो त्याच्यापासून जरा दूरच राहावे. आम्ही एवढेच सांगू शकतो की ज्याने गालीलचे वादळ थांबवले, त्याने क्रुसावरचे स्वतःचे वादळ थांबवले नाही. तिथे त्यानेही पित्याला "का" असे विचारले (मार्क 15:34). म्हणून आपला "का" त्याला परका नाही. आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती, म्हणून आपल्या माणसांची कबर हा शेवटचा शब्द नाही.

2. विसावा: होडीच्या मागच्या भागातली उशी

चारही शुभवर्तमानांत येशू झोपलेला दिसतो तो याच एका प्रसंगात. मत्तय आणि लूकही हा प्रसंग सांगतात. पण उशीचा उल्लेख मार्क तेवढा करतो. दिवसभर लोकांना दाखले सांगून तो थकला होता. शिष्यांनी त्याला होता तसाच होडीत घेतले. डोके टेकले आणि झोप लागली.

या उशीकडे आपण पुरेसे पाहत नाही. आपल्याला वाटते, विसावा म्हणजे सगळी कामे संपल्यावर, सगळी कर्जे फिटल्यावर, मुलीचे लग्न झाल्यावर मिळणारी गोष्ट. येशूचा विसावा वादळ थांबल्यानंतरचा नाही, वादळातला आहे. पिता जागा आहे, हे ठाऊक असलेल्या पुत्राची ती झोप आहे. चौथ्या स्तोत्राचा कर्ताही संकटात असतानाच निश्चिंत अंग टाकतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा थिओलॉजिया' हा ग्रंथ अभ्यासला. 13 व्या शतकातले हे थोर पंडित. दुःखावर उपाय काय, असा प्रश्न त्यांनी त्यात घेतला आहे. आम्हांला वाटले, आता काहीतरी अवघड उत्तर येणार. त्यांनी उपाय सांगितले ते पाच: एखादी आनंदाची गोष्ट, मोकळेपणी रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि झोप व स्नान. होय, झोप आणि आंघोळ! तेव्हा वर्गात आम्ही हसलो होतो. 2021 च्या उन्हाळ्यात मात्र, एका दफनावरून दुसऱ्याकडे जाताना, त्यातले शहाणपण कळले. शरीर आणि आत्मा मिळून माणूस होतो. थकलेल्या शरीरात प्रार्थनाही अडखळते.

एलिया संदेष्ट्याचेच पाहा (1 राजे 19). तो झाडाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. बोलणे त्यानंतर झाले.

म्हणून ज्या आया आजाऱ्याच्या उशाशी रात्र रात्र जागतात, जे दुहेरी पाळी करतात, त्यांना आम्ही सांगतो: तुमची झोप हे पाप नाही. आणि त्यांच्या घरच्यांना सांगतो: त्यांना झोपू द्या. शब्बाथाच्या आज्ञेतही हेच आहे (अनुवाद 5:14). तुझ्या दासाने, दासीने, तुझ्या बैलानेही विसावा घ्यावा, असे देव म्हणतो. आपल्या विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात. वर्षभर जू वाहिलेला खांदा कोणीतरी दुसऱ्याने चोळायचा असतो. बैलाला तो स्वतः चोळता येत नाही. माणसाचेही तसेच आहे.

3. सोबत: इतर होड्या

36 व्या वचनात एक लहानसे वाक्य आहे, आणि ते वाचताना आपण नेहमी पुढे सरकतो. त्याच्याबरोबर दुसऱ्या होड्याही होत्या. त्यांचे काय झाले हे मार्क सांगत नाही. पण वादळ त्यांच्यावरही आले असणार, आणि शांतता त्यांनाही मिळाली असणार. होडीतल्या माणसाला मात्र लाटांमुळे शेजारची होडी दिसत नाही. त्याला वाटते, आपण एकटेच बुडत आहोत. एलियालाही तसेच वाटले होते. मी एकटाच उरलो, असे तो म्हणाला, तेव्हा देवाने त्याला सांगितले की तुझ्यासारखे आणखी 7 हजार आहेत.

23 एप्रिल 2021 रोजी, शहरात खाटा आणि प्राणवायू मिळेनासा झाला असताना, विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्सप्रेस नागपुरात पोचली. तीन टँकर इथे उतरले, बाकीचे नाशिककडे गेले. आपल्या धर्मप्रांताचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात एक आठवण सापडेल. 1887 साली नागपूर धर्मप्रांत वेगळा झाला तो विशाखापट्टणमच्या धर्मप्रांतातूनच. ज्या दिशेने कधीकाळी शुभवर्तमान आले, त्याच दिशेने त्या दिवशी श्वास आला. आणि धर्मप्रांताला दहा वर्षे होतात न होतात तोच 1896-97 चा, मागोमाग 1899-1900 चा दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला. 1918 साली इन्फ्लुएंझाची साथ आली. आपले पणजोबा-पणजी अशाच वादळांतून एकमेकांच्या आधाराने पार झाले.

आता त्या गृहस्थांकडे परत येऊ. आम्ही निघताना त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा एक डबा आणून दाखवला. दोघे नवरा-बायको आजारी असताना शेजारच्या गल्लीतील एक बाई चौदा दिवस तो डबा भरून फाटकाला अडकवून जात होत्या. पोळ्या, भाजी, वरण. शेवटचा डबा आला तो परत गेलाच नाही. "डबा रिकामा कसा द्यायचा, फादर? आणि त्यात घालायला आता घरात कोण काय करतं?" असे म्हणून ते रडले. इतक्या वर्षांत बहुधा प्रथमच, दुसऱ्या कोणासमोर.

संत थॉमस म्हणतात त्याचा आशय असा: मित्र दुःखात सहभागी झाला की ओझे वाटून उचलल्यासारखे हलके वाटते, पण त्याहून खरे कारण हे की, आपल्यावर कोणाचे तरी प्रेम आहे हे त्या वेळी कळते. देव झोपला होता का, या प्रश्नाला तो डबा हे पूर्ण उत्तर नाही. पण चौदा दिवस त्यांच्या फाटकापर्यंत शेजारची एक होडी येत होती, हेही तेवढेच खरे आहे.

गेल्या महिन्यात तो डबा परत गेला. आत काय होते ते आम्ही विचारले नाही.

या आठवड्यासाठी

अ) एका रात्री मोबाइल बाजूला ठेवून, 4 थे स्तोत्र वाचून, वेळेवर झोपा. दिवसाचे जे राहिले ते देवाच्या हाती द्या.

आ) आपल्या कठीण दिवसांत जी होडी आपल्याजवळ आली, तिचे नाव कुटुंबाच्या प्रार्थनेत घ्या. कोणाचा डबा परत करायचा राहिला असेल तर करा.

इ) कोरोनानंतर मिस्साला न दिसणाऱ्या एका घरी जा. "का येत नाही?" असे विचारू नका. "कसे आहात?" एवढेच विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत बसा. ज्यांच्या घरी आम्ही पोचलो नाही, त्यांनी आम्हांलाही सांगावे. आम्ही येऊ.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्याच होडीत आहेस. आम्ही घाबरून तुला हाका मारतो, तेव्हा आमच्यावर रागावू नकोस. थकलेल्यांना तुझ्या उशीचा वाटा दे. आम्हांला शेजारच्या होड्या दिसू दे, आणि आम्हीही कोणाच्या तरी जवळ जाणारी होडी होऊ दे. ज्यांना नीट निरोपही देता आला नाही, त्या आमच्या प्रियजनांना तुझ्या किनाऱ्यावर विसावा दे. आमेन.