निगेटिव्हचा काठ काय सांगतो?

फोटोची एक बाजू उजळ आणि दुसरी काळवंडलेली आली, की संशय दोघांवरच जातो: फोटो काढणाऱ्यावर, नाही तर रोल धुणाऱ्यावर. कॅमेऱ्याच्या पोटातील दोन पडदे या भांडणात कोणाला आठवत नाहीत.

माझे मामा २००३ सालापर्यंत तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवीत. त्यांच्याकडे पेंटॅक्स के-१००० हा कॅमेरा होता. (१९७६ साली निघालेले हे मॉडेल १९९७ पर्यंत तयार होत होते.) शेवटच्या दोन लग्नसराईंत त्यांच्या काही फोटोंना एका कडेला काळी पट्टी येऊ लागली. गिऱ्हाईक म्हणे, यांना फोटो काढता येत नाही. मामा म्हणत, शहरातल्या लॅबवाल्याने रोल नासवला. लॅबवाला म्हणे, एवढ्या रोलांत तुमचाच कसा बिघडतो? एका लग्नाचे सगळे पैसे परत द्यावे लागले आणि लॅबवाल्याशी असलेली जुनी ओळखही तुटली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा गेल्या दिवाळीत मामांनी निगेटिव्हची पाकिटे माझ्यापुढे टाकली. “एवढा शिकतोस, तर सांग, यात चूक कोणाची?” मी कला शाखेचा विद्यार्थी, पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. तरी पुस्तके वाचून आणि निगेटिव्ह उजेडात धरून जे उमगले, ते येथे मांडतो.

प्रथम एवढेच पाहावे, की त्या जागी प्रकाश कमी पडला की जास्त. निगेटिव्हवर सारे उलटे असते. जेथे प्रकाश पोचला नाही तेथे फिल्म जवळजवळ पारदर्शक राहते (रंगीत निगेटिव्हला मुळातच नारिंगी झाक असते, ती सोडून), आणि फोटोत तोच भाग काळा येतो. उलट, निगेटिव्हवर गडद डाग असेल तर कोठून तरी नको असलेला प्रकाश आत शिरला. जुन्या कॅमेऱ्यांच्या मागच्या दाराला प्रकाश अडवण्यासाठी स्पंजाच्या पट्ट्या लावलेल्या असतात. त्या कालांतराने डांबरासारख्या चिकट होतात, झडतात आणि फटीतून उजेड येतो. मामांच्या निगेटिव्हवरील पट्टी पारदर्शक होती. म्हणजे दार निर्दोष.

आता काठाकडे वळू. ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्राची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. तिच्या वर-खाली भोके असलेला काठ आणि दोन चौकटींमध्ये कोरी फट असते. काठावर कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले आकडे असतात. ते दिसू लागतात मात्र रोल धुताना, चित्राबरोबरच. लेन्सचा किंवा शटरचा त्यांच्याशी काही संबंध नाही. म्हणून आकडे सगळीकडे सारखे ठळक असतील तर धुण्यात सहसा खोट नसते. टाकीत डेव्हलपर कमी पडला, तर रिळाची वरची कड कोरडी राहते आणि फिकी पट्टी फिल्मच्या लांबीभर, चौकटी ओलांडून, आकड्यांना पुसट करीत जाते. घरी रोल धुणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की पॅटरसनच्या टाकीत ३५ मिलिमीटरच्या एका रिळाला २९० मिलिलिटर द्रावण लागते. मामांच्या पाकिटांत आकडे स्वच्छ होते. काळी पट्टी चौकटीच्या आखूड बाजूला होती आणि चौकट संपताच सुरीने कापल्यासारखी थांबत होती. लेन्सचा दोष असता तर चारही कोपरे सारखेच काळवंडले असते.

उरले शटर. के-१००० मध्ये फिल्मपुढे दोन कापडी पडदे आडवे धावतात. पहिला सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. १/६० सेकंद किंवा त्याहून संथ वेगाला पहिला पडदा पूर्ण पोचल्यावर दुसरा निघतो, त्यामुळे क्षणभर सारी चौकट उघडी असते. १/१००० ला मात्र दोघांमध्ये अवघी दोन-तीन मिलिमीटरची फट राहते आणि ती फटच चौकटभर धावते. आता तेल वाळल्याने पहिला पडदा वाटेत मंदावला, तर मागचा त्याला गाठू लागतो. फट अरुंद होत जाते आणि धावेच्या शेवटच्या टोकाला प्रकाश कमी पडतो. मागचा पडदा अर्धा सहस्रांश सेकंद लवकर पोचला, तर १/१००० ला निम्मा प्रकाश गेला. १/६० ला तेवढीच चोरी डोळ्यालाही कळत नाही.

फ्लॅशची गोष्ट वेगळी आहे. या कॅमेऱ्यात १/६० पेक्षा जलद वेग ठेवून फ्लॅश मारला तरी काळी पट्टी येते, परंतु ती धावेच्या सुरुवातीच्या टोकाला. पहिला पडदा पोचताच फ्लॅश पेटतो आणि तोवर दुसरा निघालेला असतो. त्यावर उपाय सोपा, वेग १/६० ठेवणे. मामांचे मांडवातले फ्लॅशचे फोटो एकजात नितळ होते. बिघडले होते ते भर दुपारच्या वरातीचे. ४०० ए.एस.ए.ची फिल्म आणि वैशाखातले ऊन! तेथे १/५०० किंवा १/१००० लावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

खात्रीसाठी सावलीतल्या चुन्याच्या भिंतीवर कृष्णधवल रोल खर्ची घातला. (एका रोलच्या किमतीत माझा महिन्याचा एस.टी.चा पास निघून वर काही उरते, म्हणून हा प्रयोग मनावर दगड ठेवून केला.) १/१००० ला एफ ४, १/५०० ला ५.६, १/२५० ला ८, १/१२५ ला ११, १/६० ला १६. एकूण प्रकाश पाचही वेळा सारखाच. रोल मोरीत धुतला. पहिल्या चौकटीचे एक टोक जवळजवळ कोरे, दुसरीचे फिके, तिसरीत पुसटशी छाया, पुढच्या दोन्ही सपाट.

निगेटिव्ह खिडकीशी धरून मामांना हे समजावले. त्यांनी बराच वेळ ती पट्टी खालीवर केली. मग म्हणाले, “म्हणजे त्या लॅबवाल्याला मी उगाच बोललो.” स्वतःविषयी काही बोलले नाहीत.

असा कॅमेरा हाती आला तर वरचे तेल घालू नये. ते पडद्यांवर उतरते. नुसती स्प्रिंग आवळणेही बरे नव्हे, कारण मळ तसाच राहतो. साफ करून दोन्ही पडद्यांचा वेग जुळवणे हे जाणत्या कारागिराचे काम. तोवर १०० ए.एस.ए.ची फिल्म घालावी. उन्हात १/१२५ आणि एफ १६ वर ती बरोबर उमटते, आणि त्या वेगाला आमच्या कॅमेऱ्याचे पडदे अजून एकमेकांना गाठत नाहीत.