चोरीच्या नावाखाली छुपा कॅमेरा?

प्रश्न : मी कापडाच्या दुकानात काम करते. आम्ही मुली कपडे बदलतो त्या खोलीतल्या घड्याळात कॅमेरा सापडला. मालक म्हणतात, चोऱ्या होतात म्हणून लावला. हे कायद्यात बसतं का?

उत्तर : अजिबात नाही. गल्ल्यावर किंवा गोदामात सर्वांना दिसेल असा कॅमेरा लावणं वेगळं; कपडे बदलण्याच्या खोलीत किंवा स्वच्छतागृहात चोरीची सबब चालत नाही. अशा खासगी क्षणी स्त्रीचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 1 ते 3 वर्षं कैद आणि दंड होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई पुरुषांनाही संरक्षण देतं.

कॅमेरा स्वतः काढू नका, मेमरी कार्डाला हात लावू नका. तो पुरावा आहे. फोटो काढा, खोली बंद ठेवा आणि 112 वर फोन करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. लैंगिक छळाची तक्रार 3 महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे करता येते; दुकानात दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. शक्यतो सगळ्याजणी मिळून जा. नोकरीच्या भीतीनं गप्प बसू नका. कायदा तुमच्या बाजूनं आहे.