ताजा रंग, सावध गिऱ्हाईक

घाटाखाली घर विकायचं ठरलं, की घरातलं कोणीतरी पहिलं वाक्य बोलतं, "आधी रंग मारून घेऊ." आमच्याकडे ते दादा बोलला. नांदुऱ्यातलं जुनं घर, वडिलांनी बांधलेलं, आई गेल्यापासून कुलुपात. दादा पुण्याला, ताई अकोल्याला आणि मी बुलढाण्यात. राजूर घाट उतरून मोताळ्यावरून नांदुऱ्याला जायचं, दारं-खिडक्या उघडून यायचं, एवढं माझं काम. दादाच्या सोसायटीत कोणी पुट्टी, रंग, चार कुंड्या आणि पिवळे दिवे लावून फ्लॅटचा भाव वाढवून घेतला होता. तोच कित्ता इथे. पाऊस ओसरला न ओसरला तोच ठेकेदार लागला. सुटलेल्या पोपड्यांवर सिमेंटचा हात, त्यावर पुट्टी आणि वरून वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा चकचकीत रंग.

दिवाळीनंतर पहिलं गिऱ्हाईक आलं. कापसाचा पैसा हाती आलेले, मुलांच्या शाळेसाठी गावातून नांदुऱ्यात यायला निघालेले एक काका. त्यांनी बैठकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातली किल्ली काढली आणि जमिनीपासून हातभर उंचीवर भिंत ठोकत गेले. भिंत पोकळ वाजली.

"नवा रंग दिसून राह्यला, भाऊ. खाली काय दाबलं?"

दादाकडे उत्तर नव्हतं. हिवाळा संपेपर्यंत भिंतीनेच ते दिलं. रंग फुग्यासारखा सुटला, आत पांढरी पूड. पूर्वी लोणा गुडघ्यापर्यंत होता, आता कंबरेपर्यंत चढला होता.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण आपल्याकडे घर विकायची तयारी इथूनच सुरू होते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद आणि नांदुरा तालुक्यांचे भाग त्यात येतात. बोअरचं पाणी खारं. जुन्या घरांच्या पायावर ओल अडवणारा थर नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, ते विटांतून वर चढतं, भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन सुकतं आणि मीठ मागे राहतं. त्या मिठाचे खडे वाढतात आणि प्लास्टरला आतून ढकलतात. वरून हवाबंद रंग मारला की पाण्याची तिथली वाट बंद होते. ते आणखी वर चढून दुसरी वाट शोधतं. त्यात आमच्या ठेकेदाराने माल कालवला तो अंगणातल्या बोअरच्या पाण्याने, म्हणजे मीठ बाहेरूनही घातलं. 'आयएस ४५६' या भारतीय मानकात काँक्रीट कालवायच्या पाण्यासाठी क्लोराइडची मर्यादा आहे: लोखंड असेल तर लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, नसेल तर २०००. गवंड्याला मानक ठाऊक नसेना का, पाणी जिभेला लावून तरी पाहावं.

पुढे जे केलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या सांगण्यावरून. ओल जिथवर दिसते त्याच्या हातभर वरपर्यंत सगळं प्लास्टर खरवडून काढलं. उघड्या विटा कोरड्या ब्रशने झाडल्या. धुवायच्या नाहीत, धुतलं की मीठ विरघळून परत आत जातं. मोरीचं सांडपाणी पायाशी मुरत होतं, ते पाइप टाकून गटारापर्यंत नेलं. आख्खा उन्हाळा भिंती तशाच उघड्या. गिलावा करायचाच असेल तर नंतर, गोड्या पाण्याने आणि धुतलेल्या रेतीने. जुन्या विटांना चुन्याचा गिलावा सिमेंटपेक्षा मानवतो, कारण तो ओल कोंडत नाही. दादाला हे मुळीच पटेना. "विकायच्या घराचे कपडे काढून कोणी ठेवतं का?" पण मे महिन्यात आलेल्या माणसाने त्याच उघड्या विटांवर हात फिरवला, कोरड्या लागल्या, आणि बोलणं तिथून पुढे सरकलं. सोंगाच्या घरात गिऱ्हाईक दोष शोधत फिरतं. दोष समोर असला की ते दुरुस्तीचा हिशेब मांडतं, आणि तो हिशेब भीतीपेक्षा नेहमी स्वस्त पडतो.

भेगांचंही तेच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. ती पुट्टीने बुजवू नका. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावा आणि तिच्यावर तारीख लिहा. एक पावसाळा, एक उन्हाळा गेला आणि पट्टी तुटली नाही, तर भेग जुनी आहे, घर बसायचं ते बसून झालेलं आहे. तारखेची ती पट्टी गिऱ्हाइकाला दाखवा. मात्र त्यासाठी विक्रीचा विचार वर्षभर आधी करावा लागतो, आणि आपण तो श्राद्ध आटोपलं की दुसऱ्या दिवशी करतो.

पाणी लपवून लपत नाही. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळू लागले तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. तेव्हापासून तर माणसं नळाखाली ओंजळ धरूनच बोलायला सुरुवात करतात. बोअरचं पाणी तपासून घ्या, कागद हाताशी ठेवा, पालिकेचा नळ कोणत्या दिवशी येतो ते खरं सांगा.

घर आवरायचं म्हणजे रिकामं करायचं नाही. रिकाम्या घरात कबुतरं होतात आणि वाळलेली तुळस भाव पाडते. एक पलंग, दोन खुर्च्या, चालू कूलर असू द्या. घाटाखालच्या दुपारी माणूस कूलरसमोर टेकला की अर्धा तास जास्त थांबतो. हार घातलेल्या तसबिरी आधी उतरवा. ताईला ते जड गेलं, पण परक्याला त्या भिंतीकडे बघताना संकोच वाटतो, हेही खरं. आणि शेजाऱ्यांना आधी भेटा. गिऱ्हाईक तुमच्या घरातून निघतं ते थेट शेजारच्या ओट्यावर चहाला बसतं. सामाईक भिंत, बोळीचा हक्क, सांडपाण्याची कुरबुर, सगळं तिथे उलगडतं.

कागदांची रंगरंगोटी मात्र मनसोक्त करा. मिळकत पत्रिकेवर अजून वडिलांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहा. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा म्हणून एकट्यावर विसंबू नका. विदर्भात नझूलची भानगड वेगळीच: जागा भाडेपट्ट्याची असेल तर पट्ट्याचं नूतनीकरण झालंय का ते बघावं लागतं. बहिणींची सही "घेऊ नंतर" म्हणून टाळू नका. ताईचा वाटा आमच्याएवढाच. तिने तो सोडला असता तरी हक्कसोडपत्र नोंदवावंच लागलं असतं. तिने सोडला नाही, आणि बरं केलं.

भावाचं बोलणं होताना ठरलेलं एक वाक्य येतं, "थोडे वरचे घ्या." १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे विकणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेएवढा. आम्ही चेक मागितला तेव्हा एक गिऱ्हाईक तिथूनच परत गेलं.

जे टिकलं त्याच्याशी इसारपावती करताना वकिलांनी एक कलम घालायला लावलं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, घेणाऱ्याला सहज कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. म्हणून पावतीत लिहिलं: खालच्या भिंतींना लोणा आहे, प्लास्टर काढून दाखवलं आहे, बोअरचं पाणी खारं आहे, गिलावा घेणाऱ्याने करायचा आहे. घेणाऱ्याने ते वाचून सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, कूलर घरासोबत राहील.