या आठवड्याचा अभ्यास : हेडमास्तरांनी सांगावं की विचारावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातल्या आपल्या ग्रुपमध्ये शिक्षक पुष्कळ आहेत, काही घरांत हेडमास्तर सर किंवा बाईही आहेत. म्हणून आजचा विषय त्यांचा, पण अभ्यास घरातल्या सगळ्यांचा.

*१. अडचण कुठे आहे?*
दुपारच्या जेवणाचा हिशेब, एसडीएमसीची मीटिंग, ऑनलाइन माहिती, रिकाम्या जागेवर अतिथी शिक्षक. त्यात प्रत्येक शिक्षक आपला प्रश्न घेऊन येतो आणि हेडमास्तर लगेच उत्तर देतात. दहा जणांचे दहा प्रश्न एका डोक्यावर! संध्याकाळी माणूस घरी येतो, मन मात्र शाळेतच राहतं.

शाळाप्रमुखांसाठी हल्ली 'कोचिंग' सांगतात. हे ट्यूशनवालं कोचिंग नव्हे. समोरच्याला त्याचं उत्तर सापडेपर्यंत शांतपणे विचारत राहायचं, ऐकायचं, एवढंच.

*२. आपल्याला हे नवीन आहे का?*
गीतेचा अठरावा अध्याय आठवा. सगळं ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. रथ भगवंतांनी हाकला, पण धनुष्य अर्जुनालाच उचलायला लावलं.

*३. चार पायऱ्या*
जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ च्या इंग्रजी पुस्तकामुळे ही पद्धत जगभर पोचली. समजा, एक बाई म्हणाल्या, "सर, पाचवीतल्या सात मुलांना वाचताच येत नाही." आता सरांनी विचारायचं :
• *ध्येय :* दिवाळीपर्यंत ही मुलं काय वाचू लागली तर तुम्हाला बरं वाटेल?
• *आजची स्थिती :* कुणाला अक्षरं येत नाहीत, कुणाचं जोडाक्षरावर अडतं?
• *मार्ग :* काय काय करता येईल? आणखी काही?
• *निश्चय :* यातलं सोमवारपासून काय करणार? माझी मदत कुठे लागेल?

बाईंना स्वतः सुचलेला उपाय त्या मनापासून करतील. सांगितलेला उपाय पुष्कळदा वहीतच राहतो.

*४. कुठे विचारत बसू नये*
मुलाच्या अंगावर हात टाकला, जेवणात काही पडलं, पैशाचा घोळ झाला, तिथे प्रश्न नकोत. तिथे हेडमास्तरांनी ताबडतोब निर्णय घ्यायचा. आणि नव्या शिक्षकाला एखादी गोष्ट माहीतच नसेल तर सरळ शिकवायची.

*५. आपल्या भागातलं उदाहरण*
स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, १९५२ साली गुलबर्ग्याचे खासदार झाले, हे आपल्याला माहीत आहे. पण त्याआधी ते मास्तर होते. आपल्या सीमेलगतच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक होते, नंतर १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. १९३८ मध्ये सत्याग्रहासाठी ते तुरुंगात गेले. शाळा बंद पडली का? नाही. सहकाऱ्यांनी ती पुढे नेली, योगेश्वरी संस्था आजही उभी आहे. आपण नसताना काम चालू राहिलं, तर समजावं की आपण माणसं घडवली. ज्या शाळेत हेडमास्तर एक दिवस रजेवर गेले की सगळं अडतं, तिथे हेडमास्तरही थकतात आणि शिक्षकही वाढत नाहीत.

*६. घरच्यांनी काय करावं?*
सर किंवा बाई घरी आल्या आल्या "आज काय झालं?" म्हणून मागे लागू नका. आधी पाणी, चहा, थोडी शांतता. मग विचारा, "नुसतं ऐकू, का काही सुचवू?" या एका वाक्याने निम्मं ओझं उतरतं.
पण झोप लागत नाही, जेवण जात नाही, शाळेचं नाव काढलं तरी छातीत धडधडतं, असं दोन आठवडे चाललं तर नामस्मरणाबरोबर डॉक्टरही हवेत. सरकारचा मोफत टेली-मानस नंबर *१४४१६* आहे. त्यात कमीपणा काही नाही.

*७. या आठवड्याची साधना*
अ) रोज एकदा, सल्ला द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा. शाळेत शिक्षकाला, घरी मुलाला किंवा सुनेला.
आ) प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. मधे बोलू नका.
इ) "तू असं का केलंस?" ऐवजी "आता काय करता येईल?" असं विचारा.

रविवारच्या कौटुंबिक बैठकीत प्रत्येकाने एक अनुभव सांगावा. लहान मुलांनाही बोलू द्या.

॥ श्री गुरुचरणी अर्पण ॥
— अभ्यास विभाग, एक सेविका 🙏